झाडाला हद्द कोठे ठाऊक?

हसणाऱ्या माणसाच्या हातून मोठा अपराध घडत नाही, अशी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. रागाच्या भरात बोललेल्या शब्दाचा आपण जाब मागतो. थट्टेत बोललेल्याचा मागत नाही. ‘अहो, थट्टेत म्हटले’ हे शब्द आपल्या व्यवहारात एखाद्या क्षमापत्रासारखे चालतात, आणि जो ते मान्य करीत नाही तो रुक्ष ठरतो. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसावर रुक्षपणाचा आरोप आधीच असल्यामुळे ह्या विषयाला हात घालावा की नाही, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. तथापि काही वर्षांपूर्वी ऐकलेल्या एका थट्टेने मनात जे घर केले आहे ते काही केल्या सुटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेतील ओहायो राज्यात मुलीकडे गेलो होतो. आमच्या जावयांना सुतारकामाचा नाद आहे. तेथे असे हौशी सुतार पुष्कळ. निवृत्त इंजिनिअर, शिक्षक, एखादा दंतवैद्यसुद्धा. शनिवारी सकाळी ही मंडळी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जमतात, एकमेकांचे रंधे आणि पटाशा पाहतात, कॉफी पितात आणि गप्पा मारतात. जावई आम्हांस अशा एका बैठकीस घेऊन गेले. आम्ही हिंदुस्थानातून आलो आहो असे कळताच एका वृद्ध गृहस्थांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा काढला आणि मोठ्या आदराने आमच्या हाती ठेवला. काळसर जांभळा रंग, त्यातून गेलेल्या काळ्या रेघा, आणि नखाने किंचित खरवडताच येणारा तो गोड वास. आम्ही तत्काळ ओळखले. ती शिसवी होती. बेळगावच्या आमच्या जुन्या घरातील माजघराच्या पलंगाचा, देव्हाऱ्याचा आणि झोपाळ्याच्या कड्यांखालच्या पाटाचा तो वास. साता समुद्रापलीकडे घरचे माणूस भेटावे तसे वाटले.

मग थट्टा सुरू झाली. ‘सांभाळून धरा, ह्या फळीपाशी माझ्यापेक्षा जास्त कागदपत्रे आहेत,’ असे एकाने म्हटले. दुसऱ्याने शंका काढली की, अशा लाकडाला करवत लावली आणि भुसा शेजाऱ्याच्या अंगणात उडाला तर ती निर्यात समजावयाची काय? ज्यांचा तो तुकडा होता ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘हे लाकूड कायद्याच्या जन्माआधीचे आहे आणि मीही. तेव्हा आम्हा दोघांनाही परवाना नको.’ आम्ही मनापासून हसलो. परवाना, दाखला, शिक्का ह्या गोष्टींची चेष्टा समुद्रापलीकडेही अशीच चालते हे पाहून आम्हांस थोडा आनंदच झाला. शेवटी कोपऱ्यातून एक आवाज आला, ‘जगातले शेवटचे झाड पाडतील तेव्हा एक फळी माझ्या नावाने राखून ठेवा म्हणावे.’ सर्व हसले. आम्हीही हसलो. मात्र हे शेवटचे हसणे तोंडातून निघताना कोठे तरी अडखळले. परत येताना मोटारीत आम्ही गप्प होतो. जावयांना वाटले की प्रवासाचा शीण असावा.

ज्या कायद्याची ही थट्टा, तो थोडक्यात सांगितला पाहिजे. संकटग्रस्त वन्य प्राणी आणि वनस्पती ह्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा एक करार आहे. त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘साइटिस’ म्हणतात. १९७३ साली वॉशिंग्टन येथे त्यावर सह्या झाल्या, १ जुलै १९७५ पासून तो अमलात आला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. ह्या कराराच्या परिशिष्टांत ज्या जातीचे नाव जाते तिच्या व्यापारावर निर्बंध येतात. ब्राझीलचे रोझवूड १९९२ साली पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात गेले. मोठ्या पानाच्या महोगनीसंबंधीचा निर्णय २००२ साली झाला. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत तर आपली शिसवी, उत्तरेकडील शिसम आणि आफ्रिकेतले काळे लाकूड ह्यांच्यासह त्या कुळातल्या उरलेल्या झाडून साऱ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आल्या, आणि २ जानेवारी २०१७ पासून त्यांच्या व्यापारास परवाना लागू झाला. सरसकट सारे कूळच का घातले? कारण एकदा झाड कापून त्याची फळी झाली की ती कोणत्या जातीची हे बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यास नुसत्या नजरेने सांगता येत नाही, आणि दुर्मिळ लाकूड सामान्य लाकडाच्या नावाखाली सुखाने पार होते.

आता थट्टा करणाऱ्यांची बाजू. ती आम्हांस पूर्णपणे मान्य आहे, असे आधीच सांगून टाकतो. कायद्याच्या अंगी एक जडपणा असतो आणि त्याचा भार बहुधा प्रामाणिक माणसावरच पडतो. चोरटा मनुष्य अर्जच करीत नाही, म्हणून त्याचा अर्ज कधी नामंजूरही होत नाही. वरील निर्णयानंतर क्लॅरिनेट बनविणाऱ्यांना प्रत्येक वाद्य परदेशी पाठविताना कागद जोडावे लागले. कारण क्लॅरिनेट ज्या आफ्रिकी काळ्या लाकडाचे होते तेही त्याच कुळातले. एका क्लॅरिनेटात लाकूड ते किती! शेवटी २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत तयार वाद्यांना बहुतांशी सूट द्यावी लागली. आपल्याकडे शिसम हे काही दुर्मिळ झाड नव्हे; उत्तर भारतात ते शेताच्या बांधावर आणि कालव्याच्या काठी लावतात. तरीही सहारनपूरच्या नक्षीकाम करणाऱ्या कारागिरांचा माल अडला. शिसमाच्या वस्तूंची निर्यात वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांची होती ती ५०० ते ६०० कोटींवर आली, आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या पोटावर परिणाम झाला, असे भारत सरकारनेच सांगितले. २०२२ साली पनामा येथे भारताने हा प्रश्न मांडला, तेव्हा कोठे दहा किलोची मर्यादा सबंध मालाला न लावता एकेका वस्तूच्या लाकडाला लावावी असा खुलासा झाला. मधली पाच-सहा वर्षे ज्यांची चूल मंदावली त्यांनी ह्या कायद्याची थट्टा केली असेल, तर तिला थट्टा न म्हणता अर्ज म्हणावे लागेल. फक्त त्यावर तिकीट चिकटविलेले नव्हते.

आपल्या कर्नाटकातले उदाहरण तर याहून बोलके आहे. म्हैसूर राज्यात १७९२ साली टिपू सुलतानाने चंदनास राजवृक्ष ठरविले. राजे गेले, राज्ये गेली, राजवृक्ष मात्र राहिला. आपल्या स्वतःच्या शेतात उगवलेले चंदन आपले नव्हे. ते सरकारचे, आणि ते चोरीस गेले तर चौकशीचा ससेमिरा आपल्या पाठी. ह्याचा परिणाम असा झाला की, शहाणा शेतकरी बांधावर चंदनाचे रोप दिसताच ते उपटून टाकी. ‘लक्ष्मी दारी आली तर दार लावा, तिच्यामागून शिपाई येतो आहे,’ अशी थट्टा आम्ही खेड्यापाड्यांतून ऐकलेली आहे. २००१ साली कायदा बदलला आणि झाडावर जमिनीच्या मालकाचा हक्क मान्य झाला. दोन शतके चाललेल्या ह्या नियमाचे खरे परीक्षण कोणत्याही समितीच्या आधी बांधावरच्या विनोदाने केले होते. विनोदाचे हे सामर्थ्य नाकारणारा मनुष्य कोल्हटकरांच्या भाषेत जन्मलाच नाही असे समजावे. ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी आपल्या रूढींची जी टर उडविली ती शंभर व्याख्यानांना उडविता आली नसती.

येथे एक फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. कोल्हटकरांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे ज्या खुळेपणाला हसवितात तो खुळेपणा ते स्वतः करीत असतात. बाण मारणारा स्वतःच लक्ष्याजवळ उभा असतो. चंदनाच्या रोपावर हसणारा शेतकरीही त्या नियमाखाली स्वतः भरडला जात होता. जो विनोदाची किंमत स्वतः मोजतो त्याला विनोद करण्याचा अधिकार असतो. ओहायोतल्या गॅरेजमध्ये कागदपत्रांवर झालेला विनोद ह्याच जातीचा. कागद भरण्याचा त्रास त्या मंडळींनाच होता. मग शेवटच्या झाडावरचा तो विनोद कोणत्या जातीचा? त्याची किंमत कोण मोजत होते?

ह्याचे उत्तर शोधताना आम्हांस अमेरिकेतलीच एक गोष्ट उपयोगी पडली. गिब्सन ही गिटार बनविणारी तेथील नामांकित कंपनी. लेसी कायदा म्हणून तेथे १९०० सालचा एक जुना कायदा आहे. परदेशी कायदा मोडून आणलेल्या मालाचा व्यवहार हा त्यान्वये गुन्हा ठरतो, आणि २००८ पासून त्यात झाडे व लाकूडही आले. २००९ साली मादागास्करच्या एबनी लाकडावरून आणि २०११ साली भारतातून आलेल्या एबनी व शिसवीच्या पट्ट्यांवरून ह्या कंपनीच्या टेनेसीतील कारखान्यांवर सरकारी छापे पडले. २०१२ साली तडजोड झाली. मादागास्करच्या लाकडाबाबत कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला, शिवाय पन्नास हजार डॉलर संरक्षित वृक्षजातींच्या जतनाच्या कामी दिले. भारतीय पट्ट्या मात्र परत मिळाल्या. कारण आपल्या निर्यात नियमांप्रमाणे त्यांना कापीव लाकूड म्हणावे की वाद्याचा तयार भाग, ह्याचाच उलगडा नीट होत नव्हता. पुढे कंपनीने त्या परत मिळालेल्या लाकडाची गिटारे बनवून त्या मालिकेस ‘गव्हर्नमेंट सीरिज’ असे नाव दिले आणि ती बाजारात विकली.

ह्या थट्टेचे कौतुक पुष्कळ झाले, आणि भारतीय पट्ट्यांपुरते पाहिले तर त्यात तथ्यही होते. नियमच जेथे संदिग्ध तेथे सरकारास चिमटा बसला म्हणून कोणी रडावयाचे कारण नाही. पण त्या एका विनोदाच्या पांघरुणाखाली दोन निरनिराळी लाकडे झाकली गेली. एक भारताचे, ज्याच्याविषयी प्रश्न कागदाचा होता. दुसरे मादागास्करचे, ज्याच्याविषयी प्रश्न जंगलाचा होता. २००९ साली त्या बेटावर राज्यक्रांती झाली, शासन ढासळले आणि मासोआला व मारोजेजी ह्या राष्ट्रीय उद्यानांत शिरून टोळ्यांनी रोझवूड आणि एबनी तोडून नेले. हसणाऱ्याला एवढा भेद करण्याची सवड नसते. ‘सरकार मूर्ख आहे’ एवढेच त्याच्या ध्यानात राहते, आणि सरकार एके ठिकाणी मूर्ख असले म्हणजे ते सर्वत्रच मूर्ख असावे असे वाटू लागते. आमच्या मते थट्टेचा पहिला दोष हा की, ती ठोक भावाने चालते. तिला किरकोळ विक्री जमत नाही.

दुसरा दोष याहून खोल आहे. बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, हसण्यासाठी माणसाला आपली कणव घटकाभर बाजूस ठेवावी लागते. घसरून पडलेल्या माणसाला आपण हसतो ते त्याला लागले असेल हे विसरूनच. ही बधिरता घटकाभराचीच असेल तर चिंता नाही. वैद्यही शस्त्रक्रियेपूर्वी ती देतो. परंतु ज्याला लागले तो आपल्या डोळ्यांसमोर नसेल, तर बधिरता उतरावी कशी? पडलेला मनुष्य समोर असला तर त्याच्या डोक्याची खोक पाहून हसू आपोआप थांबते. खोक पडलेला मनुष्य तेरा हजार किलोमीटरांवर असला तर ते थांबविणारे कोणी नसते.

आणि तो मनुष्य खरोखरच आहे. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. रक्तचंदन हे पूर्व घाटाच्या दक्षिण भागातच, म्हणजे मुख्यत्वे आंध्रातल्या शेषाचलम् आणि भोवतालच्या डोंगरांत उगवणारे झाड. त्याला मागणी पूर्वेकडील देशांची. २०१३ च्या डिसेंबरात ह्या जंगलात तस्करांच्या टोळीने दोन वन कर्मचाऱ्यांना ठार मारले. ७ एप्रिल २०१५ रोजी त्याच डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात तामिळनाडूतून लाकूडतोडीसाठी आलेले २० मजूर मेले. ती चकमक खरी की बनावट हा वाद न्यायालयात गेला. राखणारा मेला आणि तोडणाराही मेला. ज्याने लाकूड मागविले तो ना राखणाऱ्यांत होता ना तोडणाऱ्यांत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे २००५ ते २०१४ ह्या काळात जगभर पकडलेल्या चोरट्या वन्य मालाच्या मूल्यात सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ३५ टक्के वाटा रोझवूडचा होता, हस्तिदंताचाही त्याखाली. शेवटच्या झाडाची फळी राखून ठेवा म्हणणारे ते गृहस्थ ह्यांपैकी कशातही सामील नव्हते हे आम्ही जाणून आहो. त्यांनी कदाचित आयुष्यात एकही फळी बेकायदा घेतली नसेल. म्हणूनच प्रश्न कठीण होतो. ज्याने काहीच केले नाही, केवळ हसला, त्याच्याकडे दोष जातो काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये शोधीत होतो. ते आमच्याच दप्तरात निघाले.

नोकरीच्या ऐन उमेदीत आम्ही घाटाकडच्या एका तालुक्यात महसुली अधिकारी होतो. खाजगी जमिनीवरची झाडे तोडावयाची असली तर ती झाडे मालकीच्या हद्दीतच आहेत, सरकारी जमिनीत नाहीत, असा महसुली दाखला लागे. एके दिवशी एक लाकडाचा व्यापारी असाच कागद घेऊन आला. नकाशा जुना होता, हद्दीचा एक दगड सापडत नव्हता. फेरमोजणीला भूमापकास पाठवावे, असे आमच्या मनात आले आणि आम्ही ते बोलूनही दाखविले. त्यावर तो गृहस्थ हात जोडून अत्यंत प्रसन्न मुद्रेने म्हणाला, ‘साहेब, आपण मोजणी कराल, माझी ना नाही. पण झाडाला हद्द कोठे ठाऊक?’

वाचकहो, बेळगावच्या मराठी माणसाला हद्द ह्या शब्दावर किती हसावेसे आणि किती रडावेसे वाटते हे आपणांस सांगावयास नको. आम्ही हसलो. अव्वल कारकून हसले, शिपाई हसला. चहा आला. चहा होईपर्यंत त्या वाक्याची दोन-तीन वेळा उजळणी झाली. आणि मग, ज्याच्याबरोबर आत्ताच इतके मोकळेपणाने हसलो त्या माणसाला ‘तरीही मोजणी होईल’ असे म्हणणे आम्हांस जमले नाही. जणू हसण्याने आमची सही आधीच होऊन गेली होती. कागदावरची केवळ उरली होती, ती आम्ही केली. एक पैसा आम्ही घेतला नाही. नंतर कोणी मागितला असता तर आम्ही संतापाने त्याला बाहेर काढले असते. लाच आम्हांला ओळखता येत होती. थट्टा ओळखता आली नाही.

तीन-चार वर्षांनी बदलीच्या गावी जाताना त्या बाजूने जाण्याचा प्रसंग आला. रस्त्यालगत गाडी थांबवून आम्ही खाली उतरलो. नकाशातली जमीन जेथे संपत होती तेथून पुढे, ओढ्याच्या काठाने वर चढत, शिसवीचे आणि सागाचे बुंधे जमिनीला लागून कापलेले होते. किती, ते मोजले नाही. हद्दीचा हरवलेला दगडही तेथे दिसला. तो इतका स्पष्ट उभा होता की, मोजणीला गेलेल्या मनुष्याला तो चुकता ना. झाडाला हद्द ठाऊक नव्हती हे खरे. हद्द ठाऊक असण्यासाठी सरकार आम्हांला पगार देत होते.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, थट्टेचा दोष तिच्या शब्दांत शोधू नये. ती ज्या प्रश्नाच्या जागी येऊन बसते त्या प्रश्नाकडे पाहावे. चंदनावरच्या थट्टेने प्रश्न उघडला: स्वतःच्या बांधावरचे झाड स्वतःचे का नसावे? आमच्या कचेरीतल्या थट्टेने प्रश्न बंद केला: ही झाडे कोणाची? दोन्ही वाक्ये सारखीच चुरचुरीत, दोन्ही वेळी हसणारे सारखेच सज्जन. एकाने लोकांना विचार करावयास लावले आणि दुसऱ्याने विचार करणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. शिवाय एकत्र हसलेल्या माणसांत एक प्रकारचे नाते तयार होते. त्या नात्याबाहेर कोण राहिले, हे हसणाऱ्यांपैकी कोणीतरी पाहावयास हवे. आमच्या बाबतीत बाहेर राहिला तो ओढा.

कोणी म्हणेल, हे फार झाले. कायदा आपल्या बळावर उभा असतो, चार विनोदांनी तो पडत नाही. आमचा अनुभव उलट आहे. जंगलातील कायदा तर फारच थोड्या बळावर उभा असतो: एक वनरक्षक, एक सायकल, आणि कोसांच्या कोस झाडी. बाकीचे सारे बळ लोकांच्या मनात त्याच्याविषयी जो आदर असेल त्याचे. त्या परवान्याची कल्पनाही काही परक्या मुलखातून आलेली नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्पष्ट दंडक आहे. स्वराज्यातले सागासारखे झाडसुद्धा हुजूरची परवानगी घेऊनच तोडावे. आंब्या-फणसाला, तो रयतेने लेकरासारखा वाढविला म्हणून, हात लावू नये. जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे. समुद्रावर शत्रू असताना राज्याच्या आरमारालाही कागद लागत होता! त्याच आज्ञापत्रात अधिक लागेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे असेही आहे. त्या काळी परमुलूख अफाट होता आणि ती सोय शहाणपणाची होती. आज सारे जगच परमुलखाकडे बोट दाखवीत आहे आणि परमुलूख शिल्लक राहिलेला नाही. ‘साइटिस’चा करार हा माझ्या मुलखाची गरज तुझ्या मुलखाच्या नाशावर भागू नये एवढ्याचसाठी आहे. तो सदोष आहे, अपुरा आहे. सरहद्द ओलांडणाऱ्या लाकडापुरतीच त्याची सत्ता. देशाच्या आत झाड तोडले तर तो काही करू शकत नाही. म्हणजे पुन्हा हद्दच! झाडाला ठाऊक नाही, म्हणून माणसाने ती लक्षात ठेवावयाची.

मागच्या वर्षी माजघरातल्या त्या शिसवी पलंगाचा एक पाय निखळला. वडिलांच्या वेळेपासून ज्या घराण्याकडे आमचे सुतारकाम आहे त्यांतले मेस्त्री आले. पाय दुरुस्त करताना कापावा लागलेला वीतभर तुकडा आमच्या नातवाने खेळावयास उचलला, तेव्हा मेस्त्रींनी तो हळूच परत मागून घेतला, आपल्या रुमालात बांधला आणि हसून म्हणाले, ‘साहेब, आमचा आज्जा ह्येच लाकूड चुलीत घालून पाणी तापवायचा बघा. आणि आता आम्ही त्याचा तुकडा सोन्यागत बांधून नेतोय. आंघोळ त्यांची झाली, थंडी आम्हांला वाजतीया!’

आम्ही पोटभर हसलो. ह्या हसण्यात काही अडखळले नाही. त्यांच्या आजोबांनी जे जाळले त्यातले काही आमच्या आजोबांच्या अंगणात तयार झालेल्या फर्निचराचे उरलेले तुकडे असतील. थट्टा दोन्ही घरांवर होती आणि दोघेही ती ओळखून हसत होतो. नातवाने विचारले, ‘आजोबा, हे झाड कोठे असते?’ आम्ही त्याला घाटाकडे नेऊन एक दाखविण्याचे कबूल केले आहे. वाटेत तो ओढा लागेल. तेथे गाडी थांबवून, बुंधे अजून असतील तर तेही दाखवावे, आणि त्यांच्या दाखल्यावर सही कोणाची होती तेही सांगावे, असे ठरविले आहे. तो विनोद मात्र त्याला इतक्यात सांगणार नाही. तो फार चांगला विनोद आहे.